स्पिरिट वाळेपर्यंत

"पोरी, फुंकर मात्र झकास मारलीस हं," म्हातारा बस ड्रायव्हर म्हणाला, आणि तिचा कापूस धरलेला हात जागच्या जागी थिजला. सुई बाहेर आली होती, रक्त बाटल्यांत गेलं होतं, बाटल्या ट्रेमध्ये शहाण्या मुलांसारख्या उभ्या होत्या, आणि ती त्याच्या कोपराच्या खोबणीत कापूस दाबून उभी होती. रक्त पातळ करायच्या गोळ्यांवरचा माणूस, त्याचं रक्त लवकर थांबणार नव्हतं. "कसली फुंकर?" तिनं विचारलं. त्याला ऐकू आलं नाही. आयुष्यभर इंजिनाशेजारी बसून त्याचे कान गेले होते, समोरच्याच्या ओठांकडे बघून तो बोलणं उचलायचा, आणि म्हणून तर तिनं मगाशी तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला होता. तिनं ओठ मोठे करून पुन्हा विचारलं. "अगं, ते स्पिरिट लावलंस ना, गार गार, त्याच्यावर. अशी." त्यानं गाल फुगवून करून दाखवलं. "या हाताला मारलीस, आणि आधी त्या हाताला पण. आमच्या वेळच्या बाया नुसत्या भोसकायच्या."

तिला काहीच आठवेना. पट्टा आवळला ते आठवत होतं. बोटाखाली शीर सापडली ते आठवत होतं, गर्दीत ओळखीच्या माणसानं मान वर करावी तशी ती वर आली होती. स्पिरिटचा बोळा आतून बाहेर गोल फिरवला तेही आठवत होतं, आणि सुई गेली, बाटलीत रक्त धावलं, ते तर अजून डोळ्यांसमोर चालू होतं. पण बोळा आणि सुई यांच्यामध्ये जे थोडंसं थांबायचं असतं, त्या जागी काहीच नव्हतं. दात पडल्यावर जीभ जाते तशी ती पुन्हा पुन्हा तिथं जाऊन येत होती. तिथं ती नव्हतीच. तिथं तिचं तोंड एकटं होतं, आणि त्यानं तिला न विचारता, गेली अकरा वर्षं घरी करत आलं तेच केलं होतं. लेकीच्या खरचटलेल्या गुडघ्यावर, गरम दुधावर, डोळ्यात गेलेल्या कचऱ्यावर, नवऱ्याच्या इस्त्रीनं भाजलेल्या बोटावर (त्यानं आयुष्यात एकदाच इस्त्री हातात घेतली, आणि त्या बोटाची हकीकत तो अजून पाहुण्यांना पहिल्यापासून सांगतो), सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा त्यांच्या पाठीवरच्या जखमेवर. कधी कुणाचं काही दुखत नसताना, नुसतीच, टेबलावरचा चुरा उडवायला. हे सगळं फुंकणं एका जागी साठवलं असतं तर एखादं शिडाचं जहाज, माल भरून, आरामात समुद्रापार गेलं असतं आणि परतीच्या प्रवासालाही वारा उरला असता. ते एकच औषध तिच्याकडे असं होतं की जे कधी संपलं नाही आणि ज्यानं कधी दगा दिला नाही.

आणि नेमका हाच नमुना. साखर तपासायची असती, हिमोग्लोबिन बघायचं असतं, तर फुंकर काय, शीळ घातली असती तरी रक्ताला पत्ता लागला नसता. पण हा कल्चरचा होता. ताप का येतो ते कळेना म्हणून रक्त बाटलीत घालून उबेत ठेवायचं, आणि त्यात कुठला जंतू वाढतो ते बघायचं. त्या बाटलीला घरचा आणि परका कळत नाही. जो आत येईल त्याला ती पोसते. म्हातारबुवांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली, आणि अशा झडपेवर जाऊन ठाण मांडणारे जंतू पुष्कळदा माणसाच्या तोंडातलेच असतात. म्हणजे तिच्या तोंडातला जंतू बाटलीत वाढला तर डॉक्टर म्हणणार, सापडला बेटा; दोन्ही हातांच्या बाटल्यांत एकच, म्हणजे शंकाच नको. मग कित्येक आठवडे म्हातारा सलाइनला टांगलेला, त्याच्या मूत्रपिंडांना न झेपणारी औषधं, आणि खरा ताप कुठल्या कोपऱ्यातून आलाय ते कुणी बघणारच नाही. हे तिला पाठ होतं. एकेकाळी शिकाऊ मुलींना तीच सांगायची: स्पिरिट आपलं आपण वाळू द्यायचं. त्याला बोट नाही, कापूस नाही, कागदाचा वारा नाही, आणि बायांनो, तुमचा श्वाससुद्धा नाही. मुली हसायच्या. त्या हसणाऱ्यांतलीच एक आता तिची इनचार्ज होती.

"फुंकायचं नसतं का?" ड्रायव्हरनं विचारलं. तिचा चेहरा त्याला ओठांपेक्षाही सोपा गेला असावा.

"नसतं."

"का बरं?"

"तोंडात जंतू असतात."

"असणारच. आमच्या हिच्या तोंडात तर फार. चाळीस वर्षं ऐकलं मी. आता ऐकायला येत नाही, तेवढीच विश्रांती." तो स्वतःवरच खूश होऊन हसला, मग गंभीर होऊन त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, म्हणजे त्याच्या हिशेबानं; पलीकडच्या खाटेवरचा माणूस दचकून जागा झाला. "हे बघ, मी कुणाला काही बोलत नाही. पण माझं एक अवघड आहे. ही झडप आहे ना, ती टिकटिक करते. मला नाही ऐकू येत, पण हिला स्वयंपाकघरातून येते. मी खोटं बोललो की चढणीला लागल्यासारखी पळते. मागं हिनं विचारलं, गोड खाल्लंत का. मी म्हटलं, छे. तर वरच्या मजल्यावरचा माणूस गजर झाला समजून उठला आणि दाढी करून कामाला गेला. सुट्टी होती त्याची."

ती हसली. तिला हसायचं नव्हतं, पण हसू कुणाला विचारून येतं थोडंच. आज तिच्या तोंडावर तिचा काहीच ताबा दिसत नव्हता. हसू ओसरल्यावर तिला खरंच ते ऐकू आलं: खोलात, कापडात गुंडाळलेल्या घड्याळासारखं, बारीक आणि एकसारखं. कापसाखालचं रक्त थांबलं होतं. तिनं पट्टी चिकटवली, मास्क वर ओढला. वॉर्डच्या दारातून सिस्टरनं विचारलं, "झाला ना नमुना? मग मी इंजेक्शन भरायला घेते." आणि ती म्हणाली, "झाला." खोटं नव्हतं ते. नमुना झाला होताच की.

वॉर्डपासून लॅबपर्यंतचा जिना आणि मग तो लांब पॅसेज, फरशी इतकी पुसलेली की छताचे दिवे पायाखालून चालत येतात. पूर्वी हा रस्ता तिला दिसायचाच नाही. ट्रे हातात घेतला की ती एकदम पलीकडे असायची. आता ट्रे जड होता. बाटल्या तळव्याएवढ्या, त्यांना वजन ते काय असणार, पण सामानानं भरलेल्या पिशव्या घेऊन चार मजले चढल्यासारखे खांदे ओढत होते. म्हाताऱ्याखेरीज कुणी पाहिलेलं नाही, हे तिच्या मनात पहिल्यांदा आलं तेव्हा तिनं ते ढकललं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा बसायला जागा दिली. नोकरीतला तिचा चाचणीचा काळ या महिनाअखेर संपणार होता. इनचार्ज तिच्याबद्दल काय म्हणते त्यावर तिचं राहणं किंवा जाणं ठरणार होतं, आणि बाहेर दोन ताज्या मुली वाट बघत होत्या, ज्यांच्या बोटांना अजून भांड्यांचं पाणी लागलेलं नव्हतं. अकरा वर्षांनी कामावर परत आल्यावरचे पहिले दिवस काय गेले होते! नळ्यांच्या झाकणांचे रंग बदललेले, यंत्र बायकी आवाजात बोलायला लागलेलं, आणि दुसऱ्याच सकाळी तिनं एका मिशाळ पहिलवानाला सुई काढल्यावर "शहाणं माझं बाळ ते" म्हटलं होतं. पहिलवान लाजला होता. सगळी लॅब दुपारभर हसली, तीही हसली, पण संध्याकाळी घरी जाताना वाटलं होतं की आपल्याला कुठंतरी भोक पडलंय आणि त्यातून घर इथं गळतंय, थेंब थेंब.

घर सोडून ती आली तरी कशाला होती? नवरा म्हणाला होता, "तुला झेपेल तसं कर," अशा आवाजात की जणू भाडेकरूला गच्ची वापरायची परवानगी देतोय. लेक म्हणाली होती, "म्हणजे तू लोकांना टोचणार आणि ते तुलाच थँक्यू म्हणणार? भारी आहे की." सासूबाईंचा कान असा की पातेल्यातलं दूध उतू जायचा नुसता विचार करू लागलं तरी त्यांना खाटेवर कळायचं, त्यांनी तर नोकरीचं तिच्या आधी ओळखलं होतं. "जा की," त्या म्हणाल्या होत्या. "मी काही एवढ्यात मरत नाही. मरायचीच वेळ आली तर तू घरी आल्यावर मरेन, जा." वाईट कुणीच नव्हतं. वाईट असतं तर सोपं झालं असतं. पण त्या घरात ती जे करायची ते संध्याकाळपर्यंत पुसलं जायचं. घडी घातली की मोडायची, भरलं की रिकामं व्हायचं, कपड्यांचा ढीग तर एवढा वाढायचा की त्याच्या माथ्यावर वेगळं हवामान असावं. अकरा वर्षांत तिनं केलेली एकही गोष्ट दुसऱ्या दिवशी जागेवर सापडली नव्हती, लेकीची उंची सोडली तर. आणि इथं? इथं एक शीर शोधायची, एक नळी भरायची. ती नळी आत जायची आणि तिच्यातून एक उत्तर बाहेर यायचं, ते कुणी परत चुरगाळून ठेवायचं नाही. या बोटांना एक गोष्ट नेमकी येते, एवढंच तिला हवं होतं. बाकी सगळं घ्या. आणि आता तेच बोट शीर शोधत होतं तेव्हा वर तोंड उभं होतं, आईचं, बायकोचं, सुनेचं, सगळ्यांचं मिळून झालेलं एक तोंड, ते तिला हाताचं काम हातानं करू देत नव्हतं. समजा, गप्प बसले. बहुतेक काही उगवणार नाही. एवढ्याशा वाऱ्यात असतं काय. समजा, उगवलं. कोण म्हणणार आहे, ही फुंकर कुणाची?

लॅबमध्ये इनचार्ज एका खांद्यानं फोन कानाशी धरून दोन्ही हातांनी काहीतरी वेगळंच करत होती. वयानं धाकटी, चण बारीक, चालण्याचा वेग असा की तिची सावली वळणावर चुकून दुसऱ्याच कुणाच्या मागं जायची. फोन ठेवून ती म्हणाली, "आणलंत ताई? दोन्ही हातांचे ना? ठेवा आत, मी नोंद घेते." उबेच्या यंत्राचं दार उघडलं की आतून एक ऊबदार श्वास येतो, झोपलेल्या मुलाच्या मानेजवळ येतो तसला. ती दार धरून उभी राहिली. बाटल्या आत पाच दिवस राहणार. पाच दिवस ही गोष्ट तिला सांभाळावी लागणार. सकाळी उठल्याबरोबर आठवायची, डबे भरताना बाजूला ठेवायची, इथं आल्यावर इनचार्जपुढं झाकायची, ड्रायव्हरच्या खाटेवरून जाताना नजर वळवायची, घरी परत न्यायची, सासूबाईंच्या कानापासून जपायची. आणि तिच्या लक्षात आलं की आपल्यात तेवढी ताकदच नाही. धीटपणा नव्हता तो, चांगुलपणाही असेल असं तिला वाटलं नाही. सांभाळायच्या गोष्टींची जी फळी तिच्या डोक्यात होती ती काठोकाठ भरली होती. आणखी एक ठेवायची तर काहीतरी खाली पडणार होतं. खरं बोलण्यात त्यातल्या त्यात कमी कष्ट होते.

"या घेऊ नकोस," ती म्हणाली. "मी फुंकर मारलीये."

"काय मारलीये?"

"फुंकर. स्पिरिटवर. दोन्ही हातांना."

इनचार्जच्या तोंडून एक हसू सुटलं आणि अर्ध्यात थांबलं. "कुणी पाहिलं?"

"पेशंटनं. त्यानंच सांगितलं. मला माहीतसुद्धा नव्हतं."

हे शेवटचं बोलायला नको होतं, हे तिला बोलता बोलताच कळलं. इनचार्जनं हातातलं सगळं खाली ठेवलं. तिला असं काहीच न करता उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "घाईत केलं म्हणाला असतात तर मी समजले असते, ताई. माहीत नसताना केलंत, ते वाईट आहे. उद्या माहीत नसताना आणखी काय काय कराल?"

"तेच मी जिन्यापासून विचार करतेय."

"मला वर सांगावं लागेल."

"सांग ना." मग ती दचकली. "अगं, पण सिस्टर इंजेक्शन भरतीये! एकदा ते जंतू मारायचं औषध गेलं की नमुन्याला काही अर्थ राहणार नाही."

इनचार्ज धावलीच. ती तिच्यामागं, ताज्या बाटल्या छातीशी धरून; चाळिशीनंतर माणूस धावतो तेव्हा सगळं अंग एकाच वेळी धावत नाही, काही भाग मागून येतात. वॉर्डात सिस्टर सलाइनच्या नळीपाशी पोचली होती. "थांबा थांबा," इनचार्ज ओरडली, आणि बहिरा ड्रायव्हर सोडून सगळा वॉर्ड थांबला. सिस्टरनं सिरिंज मागं घेतली, भुवया वर केल्या, काय ते समजून घेतलं आणि "तुमचं लॅबवाल्यांचं एकेक," असं म्हणून ट्रे घेऊन खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. इनचार्जनं हातमोजे घातले.

"पुन्हा?" ड्रायव्हर म्हणाला. "मघाचं कुठं सांडलंत?"

"आमची चूक झाली, काका. मी घेते आता."

"काय म्हणते ही? तोंड झाकून बोलतात सगळ्या." इनचार्जनं खुणेनं सांगितलं. त्यानं हात पांघरुणाखाली घेतला. "तू नको. तीच घेऊ दे. तिची चूक मला माहीत तरी आहे. तुझी कुठली निघेल कुणास ठाऊक."

सिस्टर खिडकीकडे तोंड करून हसली. इनचार्जनं बाटल्या धरून उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग मोजे काढून टाकले आणि खाटेच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभी राहिली.

पट्टा. शीर, आता जरा रुसलेली, पण होती. स्पिरिटचा बोळा, आतून बाहेर, गोल. आणि मग ते आलं, बोळा आणि सुई यांच्यामधलं. कातडी ओली चमकत होती. मास्कच्या आत तिचे ओठ आपोआप पुढं आले. तिला ते या वेळी जाणवलं, एखादं जनावर गोठ्याच्या दाराशी येऊन उभं राहावं तसे ते आले आणि उभे राहिले. तिनं ते दातांखाली धरले. करायला काहीच नव्हतं. नुसतं थांबायचं होतं, आणि तिला कळलं की हेच आपल्याला येईनासं झालंय. अकरा वर्षांत कुठली गोष्ट आपली आपण वाळेपर्यंत तिनं थांबून पाहिली होती? केस ओले असताना ती दार उघडायला जायची, फरशी ओली असताना तिच्यावरून कुणीतरी जायचं, लेकीचे अश्रू तर गालावर उतरायच्या आत पुसले जायचे. सगळं लवकर, कुणाला तरी हवं असायच्या आधी. दुखण्याआधीच फुंकर. ड्रायव्हर काहीतरी विचारत होता, किती वेळ, अजून किती. तिनं मान हलवली नाही. त्याच्या छातीतली टिकटिक ऐकू येत होती. कडेनं कातडी निस्तेज होत आली, मग मधोमध एक डाग राहिला, नाण्याएवढा, मग दाण्याएवढा. तोही आत गेल्यासारखा नाहीसा झाला. सुई पहिल्या झटक्यात गेली. दुसऱ्या हातालाही. बाटल्यांत रक्त धावलं तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता. पण पोटऱ्या दुखत होत्या, तेवढंच प्रकर्षानं कळलं.

खाली नमुने घ्यायच्या खोलीत इनचार्जनं दार लोटलं. वरिष्ठांना फोन झाला होता. "जे झालं ते सांगितलं. तुम्ही स्वतः सांगितलंत तेही सांगितलं. अजून दोन महिने चाचणी. कल्चर असेल तेव्हा मी शेजारी उभी राहणार. दर वेळी."

"बरं."

"राग आला?"

"नाही गं. दमले."

"मग बसा ना. पेशंट कुणी नाहीये आत्ता."

ती पेशंटच्याच खुर्चीत बसली, रुंद हाताची, कोपर टेकवायला उशी असलेली. अकरा वर्षांपूर्वी आणि आता, या खुर्चीसमोर ती किती उभी राहिली असेल. आत बसून कधी बघितलं नव्हतं. इथून छत जवळ दिसत होतं. खोलीत स्पिरिटचा वास होता, गार, रिकामा, कुणाचाच नसलेला. तिनं डोळे नुसते मिटले, आणि झोप अशी आली की जणू दाराआड उभीच होती.

ॲप्रनच्या खिशात फोन वाजायला लागला. तो घरचा आहे हे तिला झोपेतही कळलं. तिनं हात शोधला, पण तो उशीवर कुठंतरी दूर पडला होता, तिचं न ऐकता. मग कुणाची तरी बोटं हलकेच खिशात आली आणि फोन निघून गेला.

"हॅलो... नाही, मी त्यांच्या इथली... हो, आजी, बऱ्या आहेत... कसलं? निळं झाकण? मोठ्या डब्याचं? ते मला कसं माहीत असणार, आजी?" इनचार्ज जरा थांबली. पलीकडून सासूबाईंचा आवाज मुंगीएवढा होऊन येत होता. "नाही, आत्ता नाही देता येणार फोन. त्या कामात आहेत."

झाकण खालच्या कप्प्यात होतं, मागं, मोठ्या पातेल्याच्या आत उलटं पडलेलं. तिला ते मिटल्या डोळ्यांपुढं स्वच्छ दिसत होतं. ती काही बोलली नाही.